पहिले पान कशाने लिहावे?

लिहायचे काय हे ठाऊक असले, तरी लिहायचे कशाने या प्रश्नापाशी माणूस पुष्कळदा अडून बसतो. दौत-टाकाच्या काळी हा प्रश्न असेल, तसाच तो आजही आहे; फक्त त्याचे रूप बदलले आहे. गेल्या वर्षी तो आमच्यापुढे उभा राहिला आणि त्याने आमचे जवळजवळ चार महिने खाल्ले. त्या चार महिन्यांत जे पटले ते या अंकाच्या निमित्ताने मांडावे, म्हणजे आमच्या मागून येणाऱ्यांचे तरी चार महिने वाचतील, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रसंग असा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आमच्या गटाकडे एक काम आले होते. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील आमच्या गावात किती बावखले उरली आहेत, त्यांची नोंद करायची. विरार-नालासोपाऱ्याच्या नव्या वसाहतींतून येणाऱ्या माझ्या वर्गमैत्रिणींना बावखल हा शब्दच ठाऊक नव्हता, म्हणून थोडक्यात सांगते. वाडीतल्या जमिनीत खणलेला, तळ्याहून लहान आणि विहिरीहून ऐसपैस असा पाणसाठा म्हणजे बावखल. पावसाळ्यात ते तुडुंब भरते. मग ते पाणी हळूहळू जमिनीत मुरते, आजूबाजूच्या विहिरींना पाझर फुटतो आणि केळी, पानवेली, सोनचाफा, मोगरा त्यावर जगतात. समुद्र आणि खाडी दोन्ही उशाशी असलेल्या आमच्या भागात गोड्या पाण्याचे मोल फार. ते उपसून संपवले की त्याच्या जागी खारे पाणी सरकते. टँकरने होणाऱ्या पाणी-उपशाविरुद्ध आणि हिरव्या वसईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनी जे आंदोलन उभे केले, ते आमच्या आईवडिलांच्या लहानपणीचे. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार पाण्याखाली गेले, रुळांवर पाणी चढून गाड्या जागच्या जागी थांबल्या, तो प्रसंग मात्र आम्ही स्वतः पाहिला आहे. पाण्याच्या जागा बुजवल्या की पाणी आपली जागा घराघरांत शोधते, हे त्या दिवसांनी शिकवले.

आमच्या वहीत सतरा बावखलांची नोंद झाली. प्रत्येकाचे नाव, जागा, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, पूर्वी रहाट होता काय, आज काय स्थिती आहे, अशी माहिती वृद्धांना विचारून लिहिली. ही वही कपाटात जाऊन पडू नये, कोणालाही कोठूनही पाहता यावी, यासाठी तिचे वेबपान करायचे ठरले. आणि इथेच वादाला तोंड फुटले.

एकाचे म्हणणे, तयार साचे देणारी संकेतस्थळे आहेत, तिथे नुसती चित्रे ओढून ठेवायची, संध्याकाळपर्यंत पान तयार! दुसऱ्याचे म्हणणे, वर्डप्रेस घ्यावे; जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे त्यावर चालतात, ती काय उगाच? तिसरी म्हणाली, आता हे सगळे जुने झाले. कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगा, ती लिहून देईल. माझे म्हणणे काहीच नव्हते, कारण मला त्यातले काहीच कळत नव्हते. आमच्या घरी संगणक नाही. वडील फुले घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जातात. घरात एकच बरा फोन आहे, तो दुपारनंतर माझ्या वाट्याला येतो. महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा हेच माझे खरे साधन.

आम्ही सोपा मार्ग धरला. तयार साच्याच्या एका संकेतस्थळावर पान उभे केले. खरोखरच एका संध्याकाळी झाले, आणि दिसायलाही देखणे झाले. वर हिरवी पट्टी, मागे सरकणारी चित्रे, सारे काही. सर्वांनी कौतुक केले. पुढे परीक्षा आल्या, आमचे लक्ष उडाले. सुटीत एके दिवशी पान उघडले, तर मोफतची मुदत संपली असून पैसे भरल्याशिवाय ते दिसणार नाही, असा फलक! पैसे भरण्याची आमची ऐपत नव्हती. निदान आमचा मजकूर तरी परत मिळावा म्हणून खटपट केली, तर तो सलग बाहेर काढण्याची सोयच सापडेना. त्यांना दोष द्यावा, तर अटी आम्ही वाचल्या नव्हत्या. वही जपून ठेवली होती म्हणून निभावले. ती नसती तर सतराच्या सतरा बावखले दुसऱ्यांदा बुजली असती.

आम्ही तेव्हा चिडलो होतो. पुढे थोडे वाचल्यावर कळले की असे भोगणारे आम्ही पहिले नव्हेत. जिओसिटीज नावाची एक सेवा १९९४ साली निघाली होती. जगभरच्या हौशी लोकांनी तिथे आपापली पहिली पाने फुकट उभारली. २६ ऑक्टोबर २००९ रोजी ती सेवा बंद झाली. काही मंडळींनी धावपळ करून पुष्कळ पानांच्या प्रती वाचवल्या हे खरे, परंतु ज्यांनी आपली पाने दुसऱ्याच्याच घरात ठेवली होती, त्यांच्या हाती स्वतःचे असे काही उरले नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, त्याची आठवण आपल्या मोठ्या भावंडांना असेलच. भाड्याच्या घराला रंग कितीही चांगला दिला, तरी घर आपले होत नाही.

यावरून मी माझ्यापुरत्या चार कसोट्या ठरवल्या. साधन कोणतेही असो. ते निवडण्यापूर्वी विचारावे. एक, मूळ मजकूर आपल्या हाती राहतो काय? दोन, त्यात मराठी नीट उमटते काय? तीन, आपल्या आईच्या किंवा आजोबांच्या साध्या फोनवर ते उघडते काय? आणि चार, बिघडले तर आपल्याला दुरुस्त करता येते काय? या चारही कसोट्यांना जे साधन उतरले, ते सर्वांत साधे निघाले. कोणत्याही संगणकात असणारे नोटपॅड आणि हाताने लिहिलेली एच.टी.एम.एल.ची फाइल.

एच.टी.एम.एल. हे नाव ऐकून माझ्यासारख्या कला शाखेच्या मुलीच्या पोटात गोळा येतो. आपल्याला वाटते, हे विज्ञानवाल्यांचे काम. वास्तविक हा प्रोग्रॅम नव्हेच. या केवळ मजकुराला लावायच्या खुणा आहेत. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, इथे चित्र, इथून दुसऱ्या पानाकडे वाट. मुद्रितशोधक समासात खुणा करतात, त्याच जातीच्या. अशा खुणा एकूण शंभराच्या वर आहेत. आमचे काम दहांत भागले. त्या शिकायला मला चार दुपारी लागल्या. व्याकरणातील समास शिकायला याहून जास्त लागल्या होत्या.

पहिली कसोटी येथे आपोआप पुरी होते. फाइल आपल्या पेनड्राइव्हवर असते. ती जगाला दाखवण्यासाठी कोठेतरी ठेवावी लागते हे खरे; आम्ही ती गिटहब पेजेसवर ठेवली, तिथे अशी साधी पाने फुकट ठेवता येतात. कोणी म्हणेल, हेही भाड्याचेच घर झाले! बरोबर आहे. उद्या ही सोयही बंद होऊ शकेल. परंतु फरक असा, की उद्या घरमालकाने बाहेर काढले तर आम्ही सामान उचलून दुसरीकडे जाऊ. फाइल तीच, एका अक्षराचाही बदल न करता दुसऱ्या ठिकाणी उघडेल. आणि ती किती वर्षे उघडेल? टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत असताना १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली. त्यांचे ते आरंभीचे पान सर्नने २०१३ मध्ये जुन्या पत्त्यावर पुन्हा ठेवले. ते आजच्या फोनवरही उघडते, मी उघडून पाहिले आहे. तीस वर्षांहून जुने लिखाण आजच्या यंत्राला वाचता येते, ते त्याच्या साधेपणामुळे.

दुसरी कसोटी मराठीची. हिच्याकडे कोणी लक्ष देत नाही आणि फजिती इथेच होते. आमच्या शिबिराचा अहवाल पूर्वी एका डी.टी.पी.च्या दुकानात टंकलेला होता. तोच मजकूर पानात चिकटवावा म्हटले, तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा पडला. कारण जुन्या पद्धतीच्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. कागदावर ते मराठी दिसते. संगणकाच्या लेखी मात्र ते इंग्रजीच. युनिकोडमध्ये तसे नाही. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून तिथे देवनागरीला तिची स्वतःची १२८ घरे आहेत, आणि त्यांची मांडणी आपल्याच देशात तयार झालेल्या इस्की या संकेतावरून घेतलेली आहे. विंडोजमधला मंगल हा युनिकोडचा देवनागरी फाँटही र. कृ. जोशी या मराठी सुलेखनकाराचाच आहे, हे वाचून मला अभिमान वाटला. तेव्हा पान लिहायचे ते युनिकोडमध्येच. त्याला दुसरा पर्याय नाही.

तो जुना मजकूर आम्ही एका रूपांतरकात घालून युनिकोडमध्ये आणला. वरवर पाहता काम फत्ते झाले होते. आजोबांना वाचून दाखवू लागले, तर एका ठिकाणी ते हसले. ‘दर्याचे खारे पाणी’ याचे यंत्राने ‘दऱ्याचे खारे पाणी’ केले होते! दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. एका रफाराचा फरक, पण अर्थाने समुद्र डोंगरावर गेला. मराठीच्या या अर्ध्या ‘ऱ’ची जाण साधनाला असेलच असे नाही, ती आपल्यालाच ठेवावी लागते. ‘ॲ’ या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली.

आणखी दोन गोष्टी अनुभवाने कळल्या. फाइल साठवताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडावा. प्रयोगशाळेतल्या एका जुन्या संगणकावर मी तो निवडला नाही, तर दुसऱ्या दिवशी माझ्या सतरा बावखलांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उभी होती. आणि फाइलच्या आरंभी ‘एम’ आणि ‘आर’ या दोन अक्षरांनी भाषा मराठी असल्याचे नोंदवावे. त्यामुळे काही फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ यांची आपण शाळेत गिरवलेली मराठी वळणे उमटतात, हिंदी नव्हेत. आणि दृष्टिहीन वाचकाला पान वाचून दाखवणारे साधन मराठी उच्चारांचा आवाज निवडू शकते. आमच्या त्या देखण्या साच्यात भाषा इंग्रजी म्हणून नोंदलेली होती, हे नंतर ध्यानात आले. बाहेरून मराठी, आतून इंग्रजी!

तिसरी कसोटी फोनची. येथे थोडे गणित करू. युनिकोडच्या या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. आमच्या साऱ्या नोंदी मिळून सुमारे दहा हजार चिन्हे होतात, म्हणजे तीस हजार बाइट. खुणा धरूनही फार वाढत नाही. फोनवर काढलेले एक छायाचित्र सहज तीस लाख बाइटांचे असते. म्हणजे एका छायाचित्राच्या जागेत अशी शंभर गावे मावतील! म्हणून आम्ही छायाचित्रे लहान करून, बावखलाला एक या हिशेबाने ठेवली आणि सरकणाऱ्या चित्रांची पट्टी काढून टाकली. गर्दीच्या लोकलमध्ये, वसईच्या खाडीपुलावर जाळे कमी-जास्त होत असतानाही आमचे पान उघडते.

चौथी कसोटी दुरुस्तीची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. पान झाल्यावर आजोबांनी ते फोनवर पाहिले. चष्मा पुसून बराच वेळ वाचत राहिले आणि म्हणाले, “नऊ नंबरचे नाव चुकले आहे. ते नाव वाडीचे, बावखलाचे नव्हे.” मी फाइल उघडली, नाव बदलले, पुन्हा चढवली. पाच मिनिटांत काम झाले. शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या माणसाने सांगितलेली दुरुस्ती त्याच्या डोळ्यांदेखत जगापुढे गेली. ज्या साधनात अशी दुरुस्ती दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावी लागते, ते साधन कितीही भारी असले तरी ते आपले नव्हे.

आता आक्षेपांकडे वळू. वर्डप्रेस वाईट आहे असे मी म्हणत नाही. २००३ पासून चालत आलेले, कोणालाही खुले असलेले ते साधन आहे. जिथे दहा जण रोज लिहिणार आहेत, तिथे तेच घ्यावे. परंतु त्याला सतत अद्ययावत ठेवावे लागते, मागे माहितीचे कोठार सांभाळावे लागते. सतरा नोंदींसाठी एवढा पसारा म्हणजे कोथिंबिरीच्या एका वाफ्यासाठी ट्रॅक्टर. तयार साच्यांनाही त्यांची जागा आहे. ज्या ताईला दिवाळीच्या फराळाच्या मागण्या पुढच्या आठवड्यात घ्यायच्या आहेत, तिने खुणा शिकत बसू नये. तिने साचा घ्यावा, मात्र मजकुराची प्रत आपल्याजवळ ठेवावी.

राहिली कृत्रिम बुद्धिमत्ता. तिचा मी उपयोग केला, हे लपवत नाही. माझी एक खूण बंद करायची राहिली होती आणि अर्धे पान ठळक झाले होते. ती चूक तिने क्षणात दाखवली. परंतु सबंध पान तिच्याकडून लिहवून घेतले, तेव्हा जे आले त्यातल्या ओळीमागून ओळी मला कळेनात. पान दिसत होते, पण ते माझे नव्हते. एक ओळ हलवली की सारे ढासळे. शिक्षकाला शंका विचारणे वेगळे आणि त्याच्याकडून उत्तरपत्रिका लिहवून घेणे वेगळे. ज्याला खुणा कळतात त्याच्या हाती हे साधन दुप्पट कामाचे. ज्याला कळत नाहीत तो आणखी एका मालकाचा भाडेकरू होतो.

मला येथे गणपत कृष्णाजींची आठवण होते. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात ही कला पाहून त्यांनी मुंबईत स्वतःचा छापखाना उभारला आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. शाई आणि खिळेसुद्धा स्वतःच्या खटपटीने तयार केले. मिशनकडून पंचांग छापून घेणे त्यांना जमते का, हा प्रश्नच वेगळा. छापण्याची विद्या आपल्या माणसांच्या हाती आली, हे महत्त्वाचे. पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. वेबचेही मूळ असेच आहे. बर्नर्स-ली यांनी केलेला पहिला ब्राउझर पान दाखवीत असे आणि त्यातच पान लिहिताही येत असे. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही सारी विद्या जगाला मोफत खुली केली. पुढे सर्वत्र पसरलेल्या ब्राउझरांत मात्र वाचण्याची सोय राहिली आणि लिहिण्याची गळाली. आपल्या हाती जो फोन आला तो असा, वाचायला, बघायला, विकत घ्यायला. लेखणी आपल्याला मागून घ्यावी लागते.

आणि आपल्यासारख्यांना ती अधिक अगत्याने मागावी लागेल. ज्यांच्या घरात पुस्तकांचे कपाट कधी नव्हते, ज्यांच्या गावाची माहिती कोणत्या ग्रंथात नाही, त्यांची हकिगत दुसरा कोणी लिहील ही आशा व्यर्थ आहे. वसईचा किल्ला १७३९ साली चिमाजी आप्पांनी घेतला, ते शेकडो पानांवर आहे, असावेच. परंतु आमच्या आळीतल्या बावखलाचे नाव कोठे होते? आमच्या वहीत, आणि आता त्या एका पानावर.

माझी एक सूचना आहे. आपल्या महाविद्यालयात दर वर्षी कला शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी चार दुपारींचा एक वर्ग घ्यावा. नोटपॅड, दहा खुणा आणि युनिकोड मराठी, बस्स. त्यासाठी नवे संगणक नकोत, पैसे नकोत. प्रत्येकाने आपल्या घरातली एक गोष्ट आणावी. कोणी आजीच्या ओव्या, कोणी कोळीवाड्यातल्या माशांची नावे, कोणी नालासोपाऱ्याला येण्यापूर्वीचे आपले गाव. पान ओबडधोबड झाले तरी चालेल.

शेवटी एक सांगायचे राहिले. आमच्या यादीतील नऊ नंबरचे बावखल यंदा पावसाळ्यापूर्वी भराव घालून बुजवले गेले. ते कोणी बुजवले, का बुजवले, हा या लेखाचा विषय नाही. पानावरून ती नोंद काढावी काय, असा प्रश्न गटात निघाला. मी आजोबांना विचारले. ते म्हणाले, “नाव राहू दे. बुजवले असे पुढे लिही.” मी फाइल उघडली आणि तसे लिहिले.

(द्वितीय वर्ष, कला शाखा)